दीडशे पौंडांचं घर: लेचवर्थ, १९०५

१९०५ साली लिव्हरपूलहून हर्टफर्डशायरकडे एक अख्खं घर रवाना झालं. भिंती काँक्रीटच्या, साच्यात ओतून तयार केलेल्या, दारं-खिडक्यांच्या जागा ओततानाच सोडलेल्या. एक बाजू म्हणजे एक मोठी लादी. जागेवर पोचल्यावर लाद्या उभ्या करायच्या आणि एकमेकींना जोडायच्या. गवंड्याने ओळंबा धरून वीट-वीट चढवायचं कामच नाही. त्या काँक्रीटमध्ये खडीच्या जागी वापरला होता क्लिंकर, म्हणजे शहराचा कचरा भट्टीत जाळल्यावर मागे उरणारे दगडासारखे कडक तुकडे. घर बांधणारा माणूस होता लिव्हरपूलचा शहर अभियंता जॉन अलेक्झांडर ब्रोडी. फुटबॉलच्या गोलखांबांना मागून जाळी लावायची कल्पनाही याच माणसाची, ती घरापेक्षा जास्त गाजली.

हे घर हर्टफर्डशायरमधल्या लेचवर्थ गावी, विल्बरी रोडवर १५८ क्रमांकाला आजही उभं आहे. ज्या प्रदर्शनासाठी ते आलं होतं, त्या 'चीप कॉटेजेस एक्झिबिशन'ची, म्हणजे स्वस्त घरांच्या प्रदर्शनाची ही हकीकत. मी बरीच वर्षं घरबांधणीची अंदाजपत्रकं करतो. माझ्या मते या धंद्यातल्या प्रत्येकाने हे एक प्रकरण नीट अभ्यासावं. कारण तिथे प्रश्न अगदी सरळ विचारला होता, उत्तरही मिळालं, आणि तरीही ज्याच्यासाठी तो विचारला होता त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही.

प्रश्न कुठून आला

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडची शेती बसली होती. अमेरिकेतून आगबोटींनी स्वस्त धान्य येत होतं, भाव पडले होते आणि शेतमजूर गाव सोडून शहराकडे किंवा थेट परदेशी जात होते. गावात राहिलेल्यांची घरं पडायला आलेली. जमीनदाराला वाटलं तरी नवं घर बांधणं परवडत नव्हतं, कारण मजुराकडून भाडं किती मिळणार?

हा हिशेब मांडून बघू, कारण सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे. शेतमजुराची मजुरी आठवड्याला साधारण १५ शिलिंग. त्यातून घरभाड्याला फार तर तीन शिलिंग निघतात. तीन शिलिंगांच्या भाड्यातून घर बांधणाऱ्याला पाच टक्के सुटायचे असतील, तर घराचा खर्च किती असावा? दीडशे पौंड म्हणजे ३,००० शिलिंग. त्याचे पाच टक्के वर्षाला १५० शिलिंग. बावन्न आठवड्यांनी भागलं की आठवड्याला तीन शिलिंगांना थोडे कमी. त्यातूनच डागडुजी, त्यातूनच स्थानिक कर. म्हणजे १५० पौंड हा आकडा कुणी सहज म्हणून घेतलेला नव्हता. मजुराच्या खिशापासून उलटा हिशेब करत गेलं की माणूस तिथेच येऊन पोचतो. आणि चांगलं विटांचं, तीन झोपायच्या खोल्यांचं घर तेव्हा त्या पैशांत होत नव्हतं.

अडचण फक्त पैशांची नव्हती. बऱ्याच ग्रामीण भागांनी बांधकामाचे नियम उचलले होते ते शहरांसाठी लिहिलेले. शहरात घराला घर लागून असतं, आग पसरते, म्हणून जाड विटांच्या भिंती हव्यात हे ठीक. पण चहूबाजूंनी शेत असलेल्या एकट्या घरालाही तोच नियम लावला की लाकूड बाद, पातळ काँक्रीट बाद, नवं काहीही बाद.

जॉन सेंट लो स्ट्रेची हे 'द स्पेक्टेटर'चे संपादक. 'द काउंटी जंटलमन' हे जमीनदारवर्गात वाचलं जाणारं साप्ताहिकही त्यांच्याच हातात होतं. १९०४ च्या शरद ऋतूत या साप्ताहिकात दीडशे पौंडांच्या घराचा शोध घेणारा लेख आला. मांडणी अशी की, कारखान्यात तयार होणारं नवं साहित्य वापरलं, नियम थोडे सैल केले आणि आर्किटेक्ट मंडळींनी मनावर घेतलं, तर हे घर जमू शकेल. मग नुसतं लिहीत का बसायचं? घरं बांधूनच दाखवू, शेजारीशेजारी उभी करू, लोक येऊन पाहतील.

जागा मिळाली लेचवर्थमध्ये.

लेचवर्थला घरं हवीच होती

एबेनेझर हॉवर्ड हे पेशाने लघुलेखक, संसदेतली भाषणं टिपून घेणारे. ते आर्किटेक्ट नव्हते आणि जमीनदारही नव्हते. १८९८ साली त्यांनी आपल्या पुस्तकात उद्याननगरीची कल्पना मांडली. शहर आणि खेडं दोन्हींतलं चांगलं एकत्र आणायचं, गावाची सगळी जमीन एका संस्थेच्या मालकीची ठेवायची आणि जमिनीचं वाढतं मोल गावाच्याच कामी लावायचं. १९०३ साली 'फर्स्ट गार्डन सिटी लिमिटेड' ही कंपनी निघाली. लंडनच्या उत्तरेला सुमारे ३५ मैलांवर ३,८१८ एकर जमीन तिने १,५५,५८७ पौंडांना घेतली, म्हणजे एकरी चाळीस पौंडांच्या थोडं वर. भागधारकांना लाभांश पाच टक्क्यांच्या वर द्यायचा नाही, असं ठरलेलं. त्या जमिनीवरच्या तीन खेड्यांत मिळून माणसं होती चारशेच्या आसपास.

बॅरी पार्कर आणि रेमंड अन्विन या जोडीचा आराखडा १९०४ मध्ये मंजूर झाला. कागदावर गाव सुंदर दिसत होतं. जमिनीवर मात्र चिखल होता, रस्ते अर्धवट होते आणि भांडवल जमत नव्हतं. पाच टक्क्यांची मर्यादा घातलेल्या कंपनीचे शेअर घ्यायला गर्दी कशी होणार? कारखाना यायचा तर कामगारांना घरं हवीत, घरं बांधायची तर आधी कारखाना हवा. नवं गाव वसवणाऱ्या प्रत्येकाला ही गाठ पडतेच.

कंपनीचे चिटणीस टॉमस ॲडम्स हे धडपडे स्कॉटिश गृहस्थ. स्ट्रेचींच्या प्रदर्शनात त्यांना ही गाठ सोडवायचा मार्ग दिसला. कंपनी प्लॉट भाडेपट्ट्याने देईल, घरं स्पर्धक स्वतःच्या पैशाने बांधतील, जाहिरात वर्तमानपत्रं करतील आणि प्रदर्शन संपल्यावर घरं जागेवरच राहतील. कंपनीला घरासाठी एक पौंड न घालता गाव वसू लागेल. प्रदर्शन भरवणाऱ्या बहुतेकांची पंचाईत अशी होते की तंबू उतरले की मागे काही उरत नाही. इथे जे उरणार होतं त्याच्यासाठीच प्रदर्शन भरत होतं. ॲडम्स यांची ही चाल मला आजही फार हुशारीची वाटते. हॉवर्डना स्वप्न दिसलं होतं, पण जमिनीवर चूल पेटवायची ती कशी हे ॲडम्सना कळलं होतं.

स्थानिक ग्रामीण परिषद शेजारच्या हिचिन गावाची. तिचे नियम या प्रयोगांच्या आड आले नाहीत, ही दुसरी जमेची बाजू. लाकडी घर बांधायचं आहे? बांधा.

उन्हाळा, १९०५

२५ जुलै १९०५ रोजी ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या हस्ते उद्घाटन झालं. प्रदर्शन सप्टेंबरपर्यंत चाललं. घरं सव्वाशेच्या घरात. बघायला साठ हजारांहून जास्त लोक आले असं सांगतात. ज्या जागी दोन वर्षांपूर्वी चारशे माणसं राहत होती, तिथे एका उन्हाळ्यात साठ हजार! ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने लंडनच्या किंग्ज क्रॉसहून खास गाड्या सोडल्या. लोक उतरत होते ते तात्पुरत्या लाकडी स्टेशनावर, पक्कं स्टेशन व्हायला १९१३ साल उजाडलं. रुळांच्या उत्तरेकडच्या एका रस्त्याचं नावच 'एक्झिबिशन रोड' पडलं. आज तो नेव्हेल्स रोड. तिथून पुढे इक्नील्ड वे, विल्बरी रोड, क्रॉस स्ट्रीट, नॉर्टन वे अशी घरं पसरली होती.

स्पर्धेचे गट अनेक. एकट्या घराचा, जोडघराचा, तीन-चार घरांच्या ओळीचा. लाकडाच्या आणि काँक्रीटच्या घरांना वेगळी बक्षिसं. मुख्य मान होता दीडशे पौंडांच्या सुट्या घराला.

तो मिळाला पर्सी हौफ्टन यांना. हे चेस्टरफील्डचे आर्किटेक्ट. बोल्सओव्हर आणि क्रेसवेल इथे कोळशाच्या खाणकामगारांसाठी कंपनीच्या वसाहती त्यांनी आधी बांधल्या होत्या, त्यामुळे पैसे मोजून राहणाऱ्या माणसाचं घर कसं असतं हे त्यांना ठाऊक होतं. इक्नील्ड वेवरचं त्यांचं २१७ क्रमांकाचं घर पाहिलं तर त्यात मिरवण्यासारखं काही नाही. साधं, आटोपशीर, जवळपास चौकोनी. खाली राहायची मोठी खोली आणि मागे धुण्या-भांड्यांची खोली, वर तीन झोपायच्या खोल्या. भिंतीला कोनाडे नाहीत, छपराला वळणं नाहीत. स्वस्त घर करताना पैसा कुठे जातो हे ज्याला कळतं तो असंच घर काढतो. बाहेरच्या भिंतीचा प्रत्येक जादा कोपरा म्हणजे जादा वीट, जादा गिलावा, छपराचा जादा सांधा आणि पावसाळ्यात गळायची एक जादा जागा. काटकोनी घरांत चौरसालाच सगळ्यात कमी भिंतीत सगळ्यात जास्त जागा मिळते. हौफ्टन यांनी नवं साहित्य शोधलं नाही, त्यांनी आराखड्यातली चरबी काढली.

बाकीची घरं या मानाने धीट होती. लाकडी सांगाड्यावर फळ्या मारलेली घरं होती, पोकळ काँक्रीट ब्लॉकची घरं होती, आणि एक तर जवळपास गोल दिसणारं काँक्रीटचं घर होतं. ते 'राउंड हाऊस' पुढे पाडलं गेलं. बेली स्कॉट हे तेव्हाचे नावाजलेले आर्किटेक्ट. नॉर्टन वेवर त्यांनी एल्मवुड कॉटेजेस नावाचं जोडघर उभारलं. खाली उतरत आलेलं छप्पर, आत उबदार बैठक, फार देखणं काम. ते पैशांच्या मर्यादेत मात्र बसलं नाही. या दोन घरांमधलं अंतरच पुढे गावाच्या वाट्याला आलं. लोकांना भावली ती एल्मवुडसारखी घरं, आणि हिशेबात बसली ती हौफ्टनसारखी.

ब्रोडींच्या घराकडे परत

हे घर मला सगळ्यात जास्त खुणावतं. त्यात एक गोष्ट अगदी लख्ख दिसते: बांधकामाची जागा आणि घराची जागा वेगळी करायची. भिंत कारखान्यात, छपराखाली, एकाच साच्यात पुन्हा पुन्हा ओतायची. पाऊस पडला म्हणून काम थांबत नाही, गवंडी आला नाही म्हणून भिंत अडत नाही, आणि शंभरावी भिंत पहिल्या भिंतीइतकीच सरळ येते. आज मुंबई-पुण्यात ट्रेलरवरून येणारे प्रीकास्ट पॅनेल पाहताना मला हे घर आठवतं. आणखी एक गोष्ट: खडी कचऱ्यातून आली होती. शहराला नकोसं झालेलं तेच घराची भिंत झालं.

त्याची दुखरी बाजूही तिथेच आहे. साचा महाग असतो. तो एका घरासाठी करायचा तर कुठलंही घर स्वस्त होणार नाही, शंभर घरं ओतायची असतील तरच त्याचे पैसे फिटतात. जड लाद्या लिव्हरपूलहून हर्टफर्डशायरला न्यायच्या म्हणजे वाहतूक आली, उतरवायची यंत्रं आली. प्रदर्शनात एकटं उभं राहिलेलं घर ही पद्धत शक्य आहे एवढंच सांगू शकतं. ती स्वस्त आहे हे सांगायला तशी शंभर घरं एका ठिकाणी लागतात. परीक्षकांना एका घरावरून निर्णय द्यायचा होता, आणि ब्रोडींचं घर एकट्याने बोलणारं नव्हतंच.

दीडशेत काय नव्हतं

टीका तेव्हाच सुरू झाली, आणि ती रास्त होती.

जमीन भाडेपट्ट्याची, म्हणून तिचे पैसे दीडशेत धरलेले नव्हते. आर्किटेक्टची फी आणि बिल्डरचा नफा या बाबतींतही तसंच. स्पर्धेत नाव व्हावं म्हणून कुणी पदरचं घालत होतं, तर साहित्य विकणाऱ्या कंपन्या आपल्या मालाची जाहिरात म्हणून घर उभारत होत्या. म्हणजे बोर्डावर १५० लिहिलेलं घर उद्या एखाद्या जमीनदाराने आपल्या गावात बांधायला काढलं तर ते दीडशेत होईल का? बऱ्याच घरांच्या बाबतीत उत्तर 'नाही' असं होतं.

आपल्याकडे नव्या स्कीमच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये उभं राहून जाहिरातीतला भाव वाचलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. पण १९०५ मधली लबाडी आणि आजची लबाडी एका मापाने मोजणं मला बरोबर वाटत नाही. तिथे फसवण्याचा हेतू नव्हता. स्पर्धा घ्यायची तर एक आकडा ठरवावा लागतो, आणि ठरवलेल्या आकड्यात काय येतं नि काय येत नाही याची रेघ कुठेतरी ओढावीच लागते. चूक रेघ ओढण्यात नव्हती. नंतर सगळे आकडाच बोलू लागले आणि रेघ विसरून गेले, तिथे चूक झाली. दीडशे पौंडांचा उगम मजुराच्या तीन शिलिंगांत होता. जमीन, फी आणि नफा बाहेर ठेवला की हिशेबाचं ते टोकच सुटतं. भाडं तर या तिन्हींसकट येतं!

मग त्या घरांत राहिलं कोण? शेतमजुरांसाठी मांडलेली पुष्कळ घरं मध्यमवर्गीयांनी घेतली. कुणी शनिवार-रविवारच्या हवापालटासाठी, कुणी नव्या विचारांच्या गावात राहायचं म्हणून. घरं लहान होती खरी, पण एकट्या लेखकाला किंवा चित्रकाराला ती पुरेशी होती, आणि गोड दिसत होती. तिकडे गावात कारखाने येऊ लागले तशी कामगारांना घरं कमी पडू लागली. हिचिनसारख्या जवळच्या गावांतून ते रोज येऊन-जाऊन काम करत होते. घर आणि त्यासाठीचा माणूस यांची गाठ पडली नाही.

अन्विन यांची नाराजी

आणखी एकजण खूश नव्हता, तो म्हणजे गावाचा आराखडा करणारा. पार्कर आणि अन्विन यांनी रस्त्याची वळणं, घरांचे समूह, मधली हिरवी मोकळी जागा असं सगळं एकत्र जुळवून आणलं होतं. प्रदर्शनाने त्यात सव्वाशे सुटी घरं आणून टाकली, प्रत्येक वेगळ्या हाताचं, प्रत्येक 'माझ्याकडे बघा' म्हणणारं. काँक्रीटच्या ठोकळ्याशेजारी लाकडी झोपडी, तिच्याशेजारी पांढरा गिलावा. एकेक घर पाहिलं तर बरं, रस्ता पाहिला तर पसारा.

अन्विन यांची भूमिका सौंदर्याचीच होती असं मानलं तर आपण चुकू. त्यांचं म्हणणं असं होतं की स्वस्ताई सुट्या घरात सापडणार नाही, ती मांडणीत सापडेल. घरं ओळीत किंवा समूहात घेतली की भिंती सामायिक होतात, रस्ता आणि गटाराची लांबी घटते, मागची मोकळी जागा सगळ्यांची होते. दाटी करून बिल्डरला वाटतो तितका फायदा होत नाही, कारण घरं वाढली की रस्तेही वाढतात. हा हिशेब त्यांनी १९१२ मध्ये एका पुस्तिकेत आकड्यांनिशी मांडला. अंदाजपत्रक करणारा माणूस म्हणून सांगतो, तो हिशेब आजही डोळे उघडतो.

लेचवर्थमध्येच हे करून दाखवायला मंडळीही होती. 'गार्डन सिटी टेनंट्स' ही भाडेकरूंच्याच भागीदारीची संस्था. भाडेकरू शेअर घेणार, संस्था घरं बांधणार, नफ्यातला वाटा भाडेकरूच्या खात्यावर. ईस्टहोम, बर्ड्स हिल, पिक्समोर या वसाहती तिने एकामागून एक उभ्या केल्या, पार्कर-अन्विन यांच्या आराखड्यांवर. प्रदर्शनातल्या कुठल्याही घरापेक्षा कामगारांची सोय इथे जास्त झाली.

या पद्धतीचा धागा आपल्यापर्यंत पोचतो. मुंबईत गावदेवीला १९१५ साली स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था, रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी उभी केलेली, याच भाडेकरू-भागीदारीच्या तत्त्वावर चालली. सोसायटीच्या सभेत आज आपण ज्या शेअर सर्टिफिकेटवरून वाद घालतो, त्याच्या मागे अशी वाट आहे.

पुढची प्रदर्शनं

१९०७ मध्ये लेचवर्थलाच दुसरं प्रदर्शन भरलं. या वेळी रोख शहरी कामगाराच्या घरावर आणि थोड्या शेतीसह असलेल्या घरांवर होता, आणि घरांची समूहात मांडणी कशी करायची यालाही महत्त्व आलं. दोन वर्षांत प्रश्न बदलला होता. शेफील्ड, न्यूकॅसल इथेही याच धर्तीची प्रदर्शनं झाली. १९०८ पासून लंडनला 'डेली मेल'चं 'आयडियल होम' प्रदर्शन सुरू झालं. तिथे घर ही बघायची आणि विकत घ्यायची वस्तू झाली.

पण खरी तुलना करायची ती १९११ च्या गिडी पार्कशी. लंडनच्या पूर्वेला रॉमफर्डजवळ हर्बर्ट राफेल, टुडर वॉल्टर्स आणि चार्ल्स मॅककर्डी या लिबरल पक्षाच्या खासदारांनी उद्यान-उपनगर काढलं, त्याच्यासाठी नवं रेल्वे स्टेशन झालं आणि शंभरावर आर्किटेक्टनी तिथे नमुना घरं बांधली. काम सुंदर आहे, रस्ते आजही बघत राहावेत असे. मर्यादा किती? घर ५०० पौंडांचं, कॉटेज ३७५ पौंडांचं. सहा वर्षांत 'कॉटेज' शब्द तोच राहिला आणि त्यातला मजूर निघून गेला. गिडी पार्कच्या नियमांत त्याला जागाच ठेवलेली नव्हती. घर बँकेतला कारकून घेणार, वकील घेणार, रोज गाडीने लंडनला जाणार. मला इथे कुणाला दोष द्यायचा नाही. त्यांनी निदान आकडा खरा लिहिला. पण दीडशेचा प्रश्न तिथे कुणी विचारतच नव्हतं.

तो पुन्हा विचारला गेला पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, आणि गंमत म्हणजे त्याच माणसांकडून. १९१८ मध्ये कामगारांच्या घरांचा दर्जा ठरवणारा सरकारी अहवाल आला. समितीचे अध्यक्ष गिडी पार्कवाले टुडर वॉल्टर्स, आणि तिच्या कामात मोठा वाटा लेचवर्थवाल्या अन्विन यांचा. शहरात एकराला १२ पेक्षा जास्त घरं नकोत, अशी शिफारस झाली. आपल्या मापाने, घरामागे तीन गुंठ्यांहून थोडं जास्त. पुढल्या वर्षी कायदा झाला, आणि नगरपालिकांनी सरकारी पैशाच्या आधारावर घरं बांधायला सुरुवात केली. तीन शिलिंग आणि दीडशे पौंड यांच्यातलं अंतर कारागिरीने भरून निघत नाही, ते कुणीतरी पैशाने भरावं लागतं, हे अखेर कागदावर आलं.

त्या काळात एक वाद रंगला होता तो सांगायलाच हवा. अन्विन यांना बैठकीची वेगळी खोली नको होती. लहान घरात पाहुण्यांसाठी बंद ठेवलेली खोली म्हणजे जागेची नासाडी, त्यापेक्षा राहायची खोली मोठी करा, असं ते म्हणत. पण १९१८ मध्येच घरांबद्दल बायकांचं मत घेणारी महिलांची उपसमिती बसली, आणि कामगार घरांतल्या बायकांनी सांगितलं की आम्हाला ती खोली हवीच आहे. ओले कपडे, चूल, पोरं, आंघोळीचा टब सगळं एका खोलीत. त्यात आजारी माणूस कुठे झोपवायचा, मुलाने अभ्यास कुठे करायचा? प्रदर्शनातल्या सव्वाशे घरांना बक्षिसं देताना हे कुणी त्यांना विचारलेलं नव्हतं.

काय उभं आहे

१९०५ ची बहुतेक घरं टिकून आहेत. दीडशे पौंडांत बांधलेली, लाकडाची, काँक्रीटची, काहींबद्दल तेव्हा दहा वर्षं तरी टिकतील का अशी शंका. हौफ्टन यांचं आणि ब्रोडींचं, दोन्ही घरं संरक्षित वास्तूंच्या यादीत आहेत. बाहेरची खिडकी बदलायची तर परवानगी लागते, आणि विकत घ्यायचं तर लाखो पौंड.

ॲडम्स पुढे सरकारी नगररचना निरीक्षक झाले, मग कॅनडाला गेले. ब्रोडी १९१२ साली हिंदुस्थानात आले. नव्या दिल्लीची जागा आणि आराखडा ठरवणाऱ्या तिघांच्या समितीत आर्किटेक्ट ल्यूटन्स आणि समितीचे अध्यक्ष स्विंटन यांच्याबरोबर ते होते.

लेचवर्थला घर पाठवलं त्याच सुमाराला ब्रोडींनी लिव्हरपूलमध्येच, एल्डन स्ट्रीटवर, त्याच लाद्यांच्या पद्धतीने तीन मजली इमारत उभी केली होती. तिच्यात साचा खऱ्या अर्थाने कामाला लागला: तेच माप पुन्हा पुन्हा, लांबची वाहतूक नाही, गिऱ्हाईक शोधायची गरज नाही. ती महापालिकेची होती आणि तिच्यात मजूर कुटुंबं भाड्याने राहिली. तिला कुणी बक्षीस दिलं नव्हतं. १९६० च्या दशकात ती पाडली.